संयुक्त वाक्यांतील सांधा

इंग्रजी व्याकरणाचा तास म्हटला कीं पुष्कळ मुलांच्या कपाळास आठ्या पडतात. आणि त्यांतही ‘पुढील वाक्यें जोडा’ हा प्रश्न आला म्हणजे वर्गांतील हुशार व मंद हा भेद क्षणभर नाहींसा होतो, कारण दोघेही एकच युक्ति योजितात. पहिल्या वाक्याचा पूर्णविराम पुसावयाचा, मध्यें ‘अँड’ लिहावयाचें, दुसऱ्या वाक्याचें मोठें आद्याक्षर लहान करावयाचें, कीं झालें संयुक्त वाक्य! उत्तर पुष्कळदां बरोबर ठरतें, गुणही मिळतो; आणि येथेंच खरी हानि होते. जें शिकावयाचें तें न शिकतांच आपण शिकलों असें मुलास वाटूं लागतें.

प्रस्तुत लेखांत माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, संयुक्त वाक्य करणें हें आधीं विचाराचें काम आहे व मागाहून लेखणीचें. जोडणारा शब्द म्हणजे दोन विधानांच्या नात्याविषयीं लिहिणाऱ्यानें दिलेला निवाडा होय. आणि हा निवाडा करण्यास मुलाला इंग्रजीच्याही आधीं स्वतःची मातृभाषा उपयोगीं पडते. हें म्हणणें खरें असेल तर त्यांतून पालकांसही एक मोठा दिलासा मिळण्यासारखा आहे. तो कोणता, हें पुढें सांगेन.

विद्यार्थ्यांनो, आधीं व्याख्या नीट समजून घेऊं. वाक्याचे केवल, मिश्र आणि संयुक्त असे तीन प्रकार तुम्ही मराठी व्याकरणांत शिकलां आहां. इंग्रजींत त्यांसच सिंपल, कॉम्प्लेक्स आणि कंपाउंड अशीं नांवें आहेत. केवल वाक्यांत एकच उद्देश्य व एकच विधेय असतें. मिश्र वाक्यांत एक प्रधान वाक्य असून दुसरें त्याच्या आधारानें राहतें. संयुक्त वाक्यांत मात्र दोन किंवा अधिक प्रधान वाक्यें बरोबरीच्या नात्यानें एकत्र येतात. मिश्र वाक्य हें गाडी आणि बैल यांसारखें. बैल सोडला तर गाडी जागची हलत नाहीं. संयुक्त वाक्य हें एका जुवाखालच्या दोन बैलांसारखें. जूं काढलें तरी दोघेही आपापल्या पायांवर उभेच. म्हणून संयुक्त वाक्याची परीक्षा सोपी आहे. मधला जोडशब्द बोटानें झांकावा, आणि दोन्ही भाग स्वतंत्रपणें वाचून पाहावे. दोन्ही पुरीं वाक्यें झालीं तर वाक्य संयुक्त. एक लंगडें पडलें तर तें संयुक्त नव्हे.

ही तीन प्रकारांची वांटणी आज आपणांस अगदीं स्वाभाविक वाटते, पण ती प्रथमपासून नव्हती. लिंडले मरे या गृहस्थानें इंग्लंडांतील यॉर्क शहरीं मुलींच्या एका शाळेसाठीं रचलेलें इंग्रजी व्याकरण १७९५ सालीं प्रसिद्ध झालें, व तें पुढें कित्येक वर्षें शाळाशाळांतून चाललें. त्यांत वाक्याचे दोनच प्रकार होते, सिंपल आणि कंपाउंड. आज ज्यास आपण मिश्र म्हणतों तीं वाक्येंही कंपाउंडांतच मोडत. बरोबरीनें जोडलेलें वाक्य निराळें आणि आधारानें राहणारें निराळें, हा विवेक व्याकरणकारांसही एकोणिसाव्या शतकांत हळूहळू सुचत गेला. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं मराठी भाषेचें व्याकरण १८३६ सालीं छापून काढलें, तेंही इंग्रजी व्याकरणाचा नमुना दृष्टीपुढें ठेवून. तेव्हां ज्या भेदापर्यंत पोंचण्यास मोठमोठ्या पंडितांस इतका काळ लागला, तो भेद एखाद्या मुलास एका तासांत उमगला नाहीं, तर त्यास मठ्ठ म्हणण्याची घाई कोणीं करूं नये.

आतां जोडणाऱ्या शब्दांकडे वळूं. इंग्रजींत बरोबरीचीं वाक्यें जोडणारे मुख्य शब्द सात आहेत : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट आणि सो. त्यांचीं आद्याक्षरें क्रमानें घेतलीं तर ‘फॅनबॉईज’ असा एक गमतीचा शब्द बनतो, व त्याच्या साह्यानें मुलें ही यादी लक्षांत ठेवितात. पाठांतर चांगलेंच, परंतु यादी पाठ असणें आणि त्यांतला योग्य शब्द वेळेवर सुचणें यांत पुष्कळ अंतर आहे. यादीपेक्षां नातीं ध्यानांत धरावीं. तीं मुख्यतः चार आहेत. एका गोष्टींत दुसरीची भर घालावयाची असेल तर समुच्चय. मराठींत ‘आणि’ व ‘व’, इंग्रजींत ‘अँड’, आणि दोन्हीकडे नकार असेल तर ‘नॉर’. दोहोंपैकीं एक निवडावयाची असेल तर विकल्प. मराठींत ‘किंवा’, ‘अथवा’, ‘नाहींतर’, इंग्रजींत ‘ऑर’. पहिल्या विधानानें उत्पन्न केलेली अपेक्षा दुसरें मोडीत असेल तर न्यूनत्व. मराठींत ‘पण’, ‘परंतु’, इंग्रजींत ‘बट’ व ‘येट’. पहिल्यापासून दुसरें उद्भवत असेल तर परिणाम. मराठींत ‘म्हणून’, इंग्रजींत ‘सो’. ‘फॉर’ हा शब्द या शेवटच्या नात्याकडे उलट बाजूनें पाहतो; तो परिणाम आधीं सांगूं देतो व कारण मागाहून जोडतो.

एक उदाहरण घ्या. ‘काल मुसळधार पाऊस पडला. शाळा भरली.’ हीं दोन वाक्यें ‘आणि’नें जोडलीं तर ऐकणाऱ्यास दोन बातम्या मिळतात, त्यांहून अधिक कांहीं नाहीं. ‘परंतु’नें जोडलीं तर त्यास कळतें कीं, अशा पावसांत शाळा भरत नाहीं असा अनुभव आहे, आणि काल कोणी तरी चिखल तुडवीत येऊन शाळेचें दार उघडलें. ‘म्हणून’नें जोडलीं तर ऐकणारा बुचकळ्यांत पडेल, पाऊस पडल्यानें शाळा भरली ती कशी, हें तो विचारील, आणि विहिरी आटल्यामुळें शाळा बंद होती असा कांहीं वृत्तान्त त्यास सांगावा लागेल. वाक्यें तींच, शब्द एकच बदलला. पण तीन वेळां तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या गेल्या. मग या तिहींपैकीं कोणती गोष्ट खरी, हें ज्यानें काल डोळ्यांनीं पाहिलें त्यालाच ठाऊक. व्याकरणाचें पुस्तक त्यास तें सांगूं शकत नाहीं.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’, म्हणजे ‘तो गरीब आहे, परंतु प्रामाणिक आहे’, या आशयाचें वाक्य ‘बट’चा उपयोग दाखविण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या मुलांस शिकविलें गेलें आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें त्यांत कांहींच दोष नाहीं. दोन्ही भाग स्वतंत्र आहेत, स्वल्पविराम जागच्या जागीं आहे. पण आपण आतांच पाहिलें कीं ‘परंतु’ हा शब्द कोणती तरी अपेक्षा मोडतो. येथें मोडलेली अपेक्षा कोणती? गरीब मनुष्य अप्रामाणिक असावयाचा, ही! म्हणजे वाक्यांत एका गरिबाची स्तुति आहे, आणि सांध्यांत सगळ्या गरिबांची निंदा. ज्या मुलाचा बाप मजुरी करून, कोणाचा एक पैसाही न बुडवितां घर चालवितो, तो मुलगा हें वाक्य वहींत उतरून घेतांना त्या ‘बट’खालीं आपल्याच घराची निंदा लिहीत असतो, आणि त्यास तें कळतही नाहीं. ‘ती मुलगी आहे, पण गणितांत पहिली आली’, ‘तो खेड्यांतला आहे, पण इंग्रजी चांगलें बोलतो’, हीं वाक्यें आपण नित्य ऐकतों, आणि पुष्कळदां कौतुकानें बोलतों. कौतुक खरें असतें. परंतु ‘पण’ हा शब्द आपल्या मनांतली जुनी अढी उघडी करून दाखवितो. त्या ठिकाणीं ‘आणि’ घालून पाहा. ‘तो गरीब आहे आणि प्रामाणिक आहे.’ आतां कोणाचाही अपमान होत नाहीं. सांधा बदलतांच मन तपासलें जातें. व्याकरणाचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाहीं.

मराठी मुलांस इंग्रजी वाक्यें जोडतांना ज्या अडचणी येतात त्या अज्ञानामुळें फार थोड्या येतात. आपल्या भाषेच्या संवयी इंग्रजींत जशाच्या तशा नेल्यामुळें त्या बहुधा येतात. यांतील तीन मुख्य अडचणी येथें सांगतों.

पहिली अडचण ‘जरी’ आणि ‘तरी’ या जोडीची. मराठींत ‘जरी तो आजारी होता, तरी तो आला’ हें वाक्य डौलदार आहे. एक शब्द पुढें, एक मागें, जशी दाराची दोन फळी. हीच जोडी इंग्रजींत नेऊन मुलें लिहितात, ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’. इंग्रजीस ही जोडी चालत नाहीं, आणि याचें कारण समजण्यासारखें आहे. ‘ऑल्दो’ म्हटल्याबरोबर पहिलें वाक्य गौण झालें, दुसऱ्याच्या आधारास गेलें. ‘बट’ तर दोन्ही बरोबरीचीं आहेत असें सांगतो. एकच वाक्य एकाच वेळीं चाकर आणि भागीदार कसें होईल? यास्तव दोहोंपैकीं एक करावें. ‘ऑल्दो ही वॉज इल, ही केम’ हें मिश्र वाक्य; ‘ही वॉज इल, बट ही केम’ हें संयुक्त. जुन्या इंग्रजी ग्रंथांतून ‘दो’ आणि ‘येट’ अशी जोडी आढळते, हें खरें. पण आजच्या लेखनांत एकच शब्द पुरेसा मानतात. ‘ज्याअर्थीं’ आणि ‘त्याअर्थीं’ यांच्या वळणावर ‘ॲज’ आणि ‘सो’ अशी जोडी घालणें हा त्याच जातीचा दोष होय.

दुसरी अडचण आपल्या ‘ऊन’ प्रत्ययाची. ‘तो घरीं येऊन, हातपाय धुऊन, जेवून निजला.’ मराठींत हें एकच केवल वाक्य आहे, कारण पुरें क्रियापद एकटें ‘निजला’ हेंच, बाकीचीं धातुसाधितें. इंग्रजींत हा प्रत्यय नाहीं. म्हणून मुलें एक तर ‘ही केम होम अँड ही वॉश्ट अँड ही एट अँड ही स्लेप्ट’ अशी चार वाक्यांची आगगाडी करतात, नाहीं तर ‘हॅविंग’, ‘हॅविंग’ असें म्हणत वाक्य फरफटत नेतात. खरें इंग्रजी वळण असें कीं, कर्ता एकच असेल तर तो एकदांच सांगावा, क्रियापदें स्वल्पविरामांनीं ओळीनें मांडावीं, आणि शेवटच्या क्रियापदापूर्वीं एकदांच ‘अँड’ घालावें. जुन्या व्याकरणांत अशा वाक्यास संक्षिप्त झालेलें संयुक्त वाक्य मानीत. आजचीं बहुतेक पुस्तकें त्यास एका कर्त्याचीं अनेक विधेयें असलेलें केवल वाक्य म्हणतात. नांवाच्या वादांत मुलांनीं पडूं नये. वळण तेवढें उचलावें.

तिसरी अडचण स्वल्पविरामाची. ‘घंटा झाली, मुलें पळालीं’ असें मराठींत नुसत्या स्वल्पविरामानें लिहिलें तर कोणास कांहीं खटकत नाहीं. इंग्रजींत मात्र दोन पुरीं वाक्यें केवळ स्वल्पविरामानें जोडणें हा दोष समजतात; तेथें स्वल्पविरामासोबत जोडशब्द हवा, अथवा अर्धविराम हवा, अथवा पूर्णविराम देऊन दोन वाक्यें निराळीं करावीं. हा कडकपणा कशासाठीं? माझ्या मतें याचें एक कारण असें कीं, मराठींत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटीं येतें. ‘झाली’ म्हणतांच कानास कळतें कीं वाक्य संपलें. आपल्या जुन्या पोथ्यांतून आजच्यासारखीं विरामचिन्हें नसतांही वाचणाराचें फारसें अडत नसे. एकोणिसाव्या शतकांत मेजर कँडी यांच्या खटपटीनें तीं चिन्हें इंग्रजीवरून मराठींत रूढ झालीं. इंग्रजींत क्रियापद वाक्याच्या मध्यें बसतें, शेवटीं कर्म किंवा दुसरें कांहीं येतें. त्यामुळें एक वाक्य कोठें संपलें व दुसरें कोठें लागलें हें डोळ्यांस दाखवावें लागतें. तेंच काम स्वल्पविराम आणि जोडशब्द मिळून करतात. ‘देअरफोर’ आणि ‘हाउएव्हर’ हे शब्द अर्थानें ‘म्हणून’ व ‘परंतु’ यांसारखे दिसले तरी इंग्रजी त्यांस जोडशब्द मानीत नाहीं. म्हणून दोन वाक्यांच्या मध्यें ते आले तर त्यांच्यापूर्वीं अर्धविराम लागतो, हेंही येथेंच ध्यानांत ठेवावें.

स्वल्पविराम आणि जोडशब्द यांची ही काळजी शाळेच्या भिंतीबाहेर कोणास लागते, असें कोणी विचारील. अमेरिकेंतील मेन या संस्थानांतील एका दुग्धालयाच्या गाडीवानांचा खटला हें त्याचें चांगलें उत्तर आहे. तेथील कायद्यांत, नाशवंत खाद्यपदार्थांसंबंधीं अमुक अमुक कामें करणाऱ्यांस जादा तासांचा वाढीव पगार देणें बंधनकारक नाहीं, अशी कामांची यादी होती. तिच्या शेवटीं ‘ऑर’ हा शब्द होता, पण त्याच्यापूर्वीं स्वल्पविराम नव्हता. त्यामुळें ‘पाठवणीसाठीं किंवा वितरणासाठीं माल बांधणें’ हें एकच काम, कीं ‘पाठवणीसाठीं माल बांधणें’ हें एक आणि ‘वितरण’ हें दुसरें, असा वाद उत्पन्न झाला. गाडीवान माल वांटीत, बांधीत नसत. २०१७ सालीं अपील कोर्टानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि २०१८ सालीं पन्नास लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. या ठिकाणीं ‘ऑर’नें वाक्यें नव्हे, तर वाक्याचे तुकडे जोडले होते, हें खरें, परंतु सांधा संशयित राहिला म्हणजे काय घडतें, हें त्यावरून स्पष्ट दिसतें. श्रम करणाऱ्या माणसांच्या घामाचा मोबदला एका जोडशब्दाच्या अर्थावर लटकत राहिला होता.

यावर कोणी म्हणेल, ‘अँड’वर एवढा राग कां? बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत तर पानोपानीं ‘अँड’ आहे. तें खरेंच आहे. १६११ सालच्या भाषांतरांत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत ३१ वचनें आहेत, व त्यांपैकीं २९ वचनांचा आरंभ ‘अँड’ या शब्दानेंच होतो. मूळ हिब्रू भाषेंत ‘वाव’ हें एक अक्षर शब्दास पुढें लावून वाक्यामागून वाक्य जोडीत जाण्याची रीत आहे, आणि भाषांतरकारांनीं ती मोठ्या निष्ठेनें राखिली. तेथें दिवसामागून दिवस, कृतीमागून कृति असा एक गंभीर क्रम चालला आहे. त्या क्रमास ‘अँड’ हाच शब्द शोभतो, कारण तेथें भर घालण्याचेंच नातें आहे. यावरून, ‘अँड’नें वाक्याचा आरंभ कधींच करूं नये हा जो नियम कांहीं मुलें घोकतात तो किती पोकळ आहे हेंही दिसून येतें. माझा आक्षेप ‘अँड’वर नाहीं, न निवडतां लिहिलेल्या ‘अँड’वर आहे. सर्व शब्द तपासून जो ‘अँड’ घेतो त्याचा ‘अँड’ भरीव असतो. दुसरा शब्द सुचला नाहीं म्हणून जो घेतो त्याचा रिकामा.

म्हणून ‘पुढील वाक्यें जोडा’ या प्रश्नाची रीतच थोडी पालटावी, असें मला शिक्षकबंधूंस व भगिनींस सुचवावेंसें वाटतें. दोन वाक्यें देऊन एक उत्तर मागण्याऐवजीं तींच दोन वाक्यें तीन प्रकारांनीं जोडावयास सांगावीं, आणि प्रत्येक वेळीं अर्थ कसा पालटला तें मुलांकडून मराठींत बोलवून घ्यावें. मराठींत बोलल्यानें इंग्रजी मागें पडेल ही भीति व्यर्थ आहे. जें नातें मुलास आपल्या भाषेंत दिसलें नाहीं, तें त्यास परक्या भाषेंत कधींच दिसावयाचें नाहीं. दिसल्यासारखें वाटलें तरी तें पाठ केलेलें असेल.

आतां पालकांविषयीं. २००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविलें जाऊं लागलें. तेव्हांपासून कित्येक घरांत एक नवी खंत शिरली आहे. मूल अभ्यासास बसलें कीं आईबाप हळूच बाजूस होतात; ‘आम्हांला इंग्रजी येत नाहीं, आम्ही काय शिकवणार?’ असें म्हणतात, आणि पोटास चिमटा घेऊन शिकवणीची फी भरतात. मुलासमोर आपण अडाणी ठरूं या संकोचानें कांहीं आया तर मुलाच्या वहीस हातही लावीत नाहींत. या आयांस मला मनापासून सांगावयाचें आहे कीं, संयुक्त वाक्याच्या धड्यांतील अर्ध्याहून अधिक भाग तुम्ही शिकवूं शकतां, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे.

घरांतली एखादी आजी, जिनें शाळेचें तोंडही पाहिलें नाहीं, ती दिवसभर काय बोलते तें ऐका. ‘पाऊस आला आणि वाळवण भिजलें.’ ‘किती वेळां बोलावलें, पण आला नाहीं.’ ‘दिवा लाव, नाहींतर ठेंच लागेल.’ ‘पोर रात्रभर खोकत होतें, म्हणून माझा डोळा लागला नाहीं.’ समुच्चय, न्यूनत्व, विकल्प आणि परिणाम, हीं चारही नातीं तिच्या बोलण्यांत आहेत, आणि एकही जागा चुकलेली नाहीं. ‘वाळवण भिजलें’ याच्याआधीं ती ‘परंतु’ म्हणणार नाहीं. तिला व्याकरण येत नाहीं असें कोण म्हणेल? त्याचीं नांवें तिला येत नाहींत, एवढेंच.

तेव्हां सायंकाळीं भाजी निवडतांना मूल जवळ बसलें असेल तर त्यास दिवसाची हकीकत विचारावी, आणि तें एकामागून एक वाक्यें फेंकूं लागलें म्हणजे मध्येंच थांबवून प्रश्न करावा. ‘बाई रागावल्या, तूं रडलास, हें एकापाठोपाठ झालें, कीं एकामुळें दुसरें झालें?’ ‘खेळांत हरलों म्हणतोस आणि आनंदानें सांगतोस, मग मध्यें “पण” नको का?’ मूल थांबेल, विचार करील, आणि उत्तर देईल. त्या उत्तराच्या क्षणीं संयुक्त वाक्य तयार झालें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्या ‘पण’ला इंग्रजींत ‘बट’ म्हणतात व त्याच्याआधीं स्वल्पविराम देतात, एवढेंच शिक्षकानें सांगावयाचें उरतें. आईनें पाया घातला, शिक्षकानें वर भिंत चढविली. उलट क्रमानें हें काम होत नाहीं.

आणखी एक विनंती. मुलाच्या इंग्रजीचें मोजमाप वाक्याच्या लांबीवरून करूं नये. पाहुण्यांसमोर मूल ‘अँड’, ‘अँड’ म्हणत अडखळल्यावांचून लांबच लांब बोललें कीं आपण हर्षित होतों, आणि दुसरें मूल दोन लहान वाक्यें बोलून मध्यें क्षणभर थांबलें कीं त्यास कच्चें समजतों. कदाचित् त्या क्षणभरांत तें दुसरें मूल ‘बट’ म्हणावें कीं ‘सो’ म्हणावें याचा निर्णय करीत असेल. त्या थांबण्यास हंसूं नये. तेथें भाषा शिकली जात आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. पुढील आयुष्यांत तुम्ही अर्ज लिहाल, पत्रें लिहाल, कोणाची शिफारस कराल, कोणाची तक्रार कराल. ‘त्यास या कामाचा अनुभव नाहीं, परंतु तो शिकण्यास तत्पर आहे’ असें लिहिलें तर एखाद्या तरुणास नोकरी मिळेल. हीच दोन विधानें उलट क्रमानें, ‘तो शिकण्यास तत्पर आहे, परंतु त्यास अनुभव नाहीं’ अशीं लिहिलीं तर तीच नोकरी जाईल, कारण ‘परंतु’च्या मागून जें येतें तेंच वाचणाराच्या मनांत राहतें. ‘तो उशिरा आला, म्हणून काम बिघडलें’ असें लिहिण्यापूर्वीं काम खरोखर त्याच्यामुळेंच बिघडलें काय, हें पाहावें लागेल. तसें नसेल तर तो एक ‘म्हणून’ निरपराध मनुष्यावर आळ घालील. जोडशब्द लहान असतात, पण न्याय आणि अन्याय त्यांच्याच हातून घडतात. तेव्हां यापुढें दोन वाक्यें जोडावयाचीं झालीं म्हणजे लेखणी टेंकण्यापूर्वीं क्षणभर थांबा, त्या दोहोंचें खरें नातें काय तें मनास विचारा, आणि जें उत्तर येईल तोच शब्द लिहा. पुढें भाषा कोणतीही असो, तुमचें लिहिणें विश्वासास पात्र होईल.